पाणी बदललं की हात बदलायचा: खान्देशातल्या दिव्यांग जलतरणपटूंसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकांसाठी

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा टँकमध्ये पंचवीस मीटर बावीस हातांत, म्हणजे बावीस वेळा हात मारून, काढायचा. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये त्याचा डावा हात कोपराखालून गेलेला. त्याला पहिल्यांदा धरणाच्या पाण्यात उतरवलं तो मे महिना होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. दोन पिंपांमध्ये बांधलेल्या पंचवीस मीटरच्या दोरीलगत त्याला एकतीस हात लागले. मी काठावरून ओरडत होतो, "हात लांब टाक, लांब टाक!" त्यानं ऐकलं, हात लांब टाकला आणि पुढच्या फेरीत दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सर, आज पानी जड शे."

मला ती तक्रार वाटली. खरं तर त्यानं पाणी वाचलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. लाटेच्या पाण्यात लांब हात टाकून सरकत राहायला सांगणं ही माझी चूक होती. पुढची काही वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो. मोठ्या स्पर्धांतले पॅरा जलतरणपटू पाणी बदललं की नेमकं काय बदलतात, आणि ते आपल्या तापी-गिरणेच्या मुलांना कसं शिकवायचं? या लेखात तेच मांडतो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. वरच्या दर्जाच्या खेळाडूकडे एकच 'बरोबर' स्ट्रोक असतो, असं अनेक पालकांना वाटतं. पॅरा जलतरणात हे मुळातच शक्य नाही. शारीरिक दिव्यांगत्वाचे एस १ ते एस १० असे दहा वर्ग आहेत, दृष्टीचे एस ११ ते १३, बौद्धिक दिव्यांगत्वाचा एस १४. ब्रेस्टस्ट्रोकसाठी आणि मेडलेसाठी, म्हणजे चारही स्ट्रोकच्या एकत्र शर्यतीसाठी, वर्गीकरण पुन्हा वेगळं. एकाच वर्गातल्या दोन जणांची शरीरं सारखी नसतात. चीनचा झेंग ताओ याला दोन्ही हात नाहीत. बॅकस्ट्रोकच्या सुरुवातीला तो टॉवेल दातांत धरतो आणि शर्यत संपवताना भिंतीला डोकं लावतो. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये त्यानं चार सुवर्णपदकं घेतली. आपल्या सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव दोन्ही हात कोपराखाली नसताना २०१६ मध्ये रिओला गेला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आला. या दोघांना कोणत्या पुस्तकातला स्ट्रोक शिकवणार? अशा खेळाडूंकडे स्वतःच्या शरीरावर बेतलेला एक मूळ स्ट्रोक असतो, आणि त्याच्या आजूबाजूला दोन-तीन 'गिअर' घोटून ठेवलेले असतात. गाडी घाटात लागली की आपण गिअर बदलतो, तसंच.

पहिली पायरी: आपलं स्वतःचं माप काढा

शांत पाण्यातलं माप हातात नसेल तर पाणी बदललं की आपण बदललो, हे कळणारच नाही. म्हणून सलग तीन दिवस, एकाच वेळी, एकाच टँकमध्ये, सोप्या गतीनं पंचवीस मीटरच्या आठ फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीला दोनच आकडे लिहा, किती हात लागले आणि किती सेकंद लागले. कडेला बसलेल्यानं फेरीच्या मध्यावर दहा हातांना लागलेला वेळ वेगळा टिपावा, त्यातून हातांचा वेग कळतो. दुहाती पोहणाऱ्याचा प्रत्येक हात मोजा. एका हातानं पोहणाऱ्याचा तोच हात मोजा, पण खुंटाची, म्हणजे तुटलेल्या हाताच्या उरलेल्या भागाची, हालचाल होते की नाही यावर वेगळी खूण करा.

वही साधी ठेवा. मोबाइलवर ठेवलेलं माप फोन बदलला की जातं, हे मी तीनदा पाहिलंय.

दुसरी पायरी: पाण्यात उतरण्याआधी पाणी मोजा

मी ज्या विहिरीवर केळीच्या खांबाला धरून पोहायला शिकलो, तिथले आबा कुणालाही धावत येऊन उडी मारू देत नसत. "पयले पानी देख, मंग उडी मार," म्हणायचे. ते काठावर बसून दोन मिनिटं पाणी बघायला लावत. आता मी तेच करतो, फक्त थोडी साधनं घेऊन.

तापमानासाठी तरंगणारं साधं थर्मामीटर पुरतं. ते हाताच्या कोपराइतकं खोल धरा, कारण उन्हात वरचा पाण्याचा थर फसवतो. मेमध्ये धरणात पाय खाली सोडलात की गुडघ्याखाली अचानक गार लागतं. वरचं तापलेलं पाणी हलकं असतं, ते खालच्या गार पाण्यात मिसळत नाही.

गढूळपणासाठी पांढरा रंग दिलेलं झाकण दोरीला बांधून खाली सोडा. ते दिसेनासं होतं तिथे दोरीला गाठ मारा. गाठ अर्ध्या मीटरच्या आत असेल तर कमी दिसणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीनं ते पाणी अंधारच आहे.

धार मोजायला केळीच्या खांबाचा टीचभर तुकडा घ्या. तो बराचसा पाण्यात बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. नुसतं सोपट, म्हणजे खांबाची साल, घेतलंत तर ते वाऱ्यानं पळेल आणि माप चुकेल. काठावर दहा मीटर अंतर मोजून घ्या आणि तुकडा किती सेकंदांत जातो ते बघा. तीस-पस्तीस सेकंद लागले तर धार सेकंदाला साधारण ०.३ मीटर. वीस सेकंदांच्या आत गेला तर सरावाची जागा बदला.

वाऱ्याला मोजमाप लागत नाही, वेळ लागते. साक्री तालुक्यात ज्या वाऱ्यावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरतात, तोच वारा त्या भागातल्या जलाशयांवर उन्हाळ्यात दुपारी लाटा उठवतो. सकाळी सातला आरशासारखं असलेलं पाणी दुपारी ओळखू येत नाही. लाटेचा सराव करायचा असेल तर मुद्दाम उशिरा जा, नसेल तर सूर्य वर येण्याआधी आटपा.

तिसरी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला

हे सांगायला सोपं आणि पाळायला सगळ्यांत अवघड. पाणी जड लागलं की खेळाडू घाबरून हात, श्वास, डोकं, पाय सगळं एकदम बदलतो, आणि मग कशानं फरक पडला ते कळत नाही. चार फेऱ्या एक बदल, मग मूळ स्ट्रोकच्या दोन फेऱ्या, मग पुढचा बदल. पाण्याचा विरोध गतीच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाप्रमाणे. गती दहा टक्के वाढवायला जवळजवळ तेहतीस टक्के जास्त ताकद लागते. ज्याच्याकडे एक हात कमी आहे किंवा पायांचा आधार नाही, त्याला जोर लावून पाण्याशी भांडणं परवडत नाही. त्याला आकार बदलूनच वाट काढावी लागते.

आता एकेका पाण्याकडे वळू.

लाटेचं पाणी

शांत टँकमध्ये हात पुढे टाकून क्षणभर सरकण्यात फायदा असतो. लाटेत तो क्षण महाग पडतो, कारण पुढून आलेली लाट नेमकी त्याच वेळी शरीर थांबवते. म्हणून हात थोडा आखूड करा आणि हातांचा वेग वाढवा. टँकमध्ये दहा हातांना तुम्हाला चौदा सेकंद लागत असतील तर लाटेत बारा-साडेबारा धरून बघा. हात पाण्याबाहेरून पुढे आणताना कोपर वाकवून पाण्यालगत आणायची टँकमधली सवय इथे नडते, लाट बोटांना अडकते. हात जरा सरळ, उंच आणि बाहेरून फिरवून आणा.

खुंटाचं काय? कोपराखाली हात नसलेली मुलं लाटेत खुंट अंगाला चिकटवून ठेवतात, कारण त्यावर लाट आपटते. पण खुंट थांबला की खांद्यांचं डावं-उजवं फिरणं थांबतं आणि श्वासाची जागाच जाते. खुंट पाण्यात मागे नेताना शरीर पुढे जातंय त्यापेक्षा जास्त वेगानं गेला तरच तो ढकलतो, हळू गेला तर ब्रेक लावल्यासारखा ओढतो. तेव्हा खुंट लवकर पुढे, झटक्यात मागे. माझ्या त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा एकतीस हातांचे एकतीसच राहिले, पण वेळ तीन सेकंदांनी उतरला आणि पाणी गिळणं बंद झालं. लाटेत हातांची संख्या कमी करायचा हट्ट धरू नका, घड्याळाकडे बघा.

श्वास दोन्ही बाजूंनी घेता आलाच पाहिजे. वारा डावीकडून असेल तर तोंड उजवीकडे वळवायचं, एवढं साधं आहे ते. पण एकहाती खेळाडूला एक बाजू सोपी आणि दुसरी फार अवघड असते. त्या अवघड बाजूचा सराव शांत पाण्यात, हिवाळ्याच्या महिन्यांत करून ठेवा. लाटेत पहिल्यांदा शिकवायला गेलात तर मूल त्या बाजूला कायमचं भिईल.

पाठीच्या कण्याला इजा झालेल्या आणि पायांत ताकद नसलेल्या खेळाडूचा प्रश्न वेगळा आहे. लाट कंबर फिरवते आणि पाय नांगरासारखे बाजूला जातात. हात डोक्यासमोर मध्यावर पडत असेल तर हे वाढतं, म्हणून हात खांद्याच्या रेषेत टाका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिशा बघणं. पाय चालणारा माणूस डोकं वर काढतो, कंबर खाली जाते, दोन फटके मारून तो ती वर आणतो. इथे ते फटके नाहीत. प्रत्येक वेळी डोकं वर काढलं की पुढचे चार-पाच हात कंबर वर आणण्यात जातात. म्हणून मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढा, तोंड नको. श्वास नंतर बाजूला वळूनच घ्या. दर सहा हातांनी बघण्याऐवजी बारा-पंधरा हातांनी लागोपाठ दोनदा बघा. पहिल्या नजरेत खूण शोधायची, दुसरीत पक्की करायची. खूण मोठी निवडा, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, विजेचा मनोरा. पाण्यात खुणेसाठी सोडलेला पिवळा फुगा लाटेआड जातो, कळस जात नाही.

पूर्ण अंध खेळाडू मोकळ्या पाण्यात एकटा पोहत नाही. पॅरा ट्रायथलॉनमध्ये अशा खेळाडूसोबत दोरीनं जोडलेला वाटाड्या असतो, आणि त्यानं खेळाडूला ओढायचं नसतं. सरावात दोघांनी हाताची लय एक करायची. दोरी सतत ताणली जात असेल तर वाटाड्या पुढे पळतोय, त्याला आवरा.

वाहतं पाणी

आमच्याकडे हा भाग लोकांना सगळ्यांत जास्त हवा असतो, आणि इथेच मी सगळ्यांत जास्त सावध असतो. तापीवरच्या हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या धरण-बंधाऱ्यांच्या दरवाजांच्या वर किंवा खाली सराव करायचा नाही. दरवाजे उघडण्याची वेळ तुमच्या हातात नसते, आणि खाली पडणाऱ्या पाण्याचा उलटा भोवरा चांगल्या धडधाकट माणसालाही सोडत नाही. पावसाळ्यात नदी बंद. इतर वेळी जलसंपदा विभागाची आणि गावाची परवानगी, सोबत नाव, नावेत ट्यूब आणि बुडणाऱ्याला काढता येणारा माणूस. यातलं एक जरी नसेल तर टँकमध्येच राहा.

तापीवरचे भोई नाव पलीकडे नेताना तिचं नाक धारेच्या वरच्या अंगाला तिरपं धरतात. पोहणाऱ्यानंही तेच करायचं. हिशोब करून दाखवतो. तुमची गती सेकंदाला ०.९ मीटर आहे, धार ०.३ ची आहे आणि पलीकडचा काठ साठ मीटरवर आहे. नाक सरळ समोर ठेवून पोहलात तर सदुसष्ट सेकंदांत पोहोचाल, पण वीस मीटर खाली. नाक सुमारे वीस अंश वरच्या अंगाला तिरपं ठेवलंत तर बरोबर समोर लागाल, आणि वेळ लागेल एकाहत्तर सेकंद. फक्त चार सेकंद जास्त. उलट वीस मीटर खाली वाहून गेल्यावर तेवढं धारेविरुद्ध परत यायचं झालं, तर ०.९ मधून ०.३ वजा होतात आणि तेहतीस सेकंद जातात.

आता यात पॅरा खेळाडूची खास गोष्ट. फक्त उजव्या हातानं ओढणाऱ्याचं नाक आपोआप डावीकडे वळतं. टँकमध्ये हा दोष वाटतो, आपण तो घालवायला महिने घालवतो. धार डावीकडून येत असेल तर मात्र नाक डावीकडेच हवं असतं! तिथे हा दोष कामाला येतो. धार उजवीकडून आली तर दोन्ही गोष्टी एकत्र होऊन तो दुप्पट वाहतो. तापी पश्चिमेला वाहते. म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूनं उत्तरेकडच्या, चोपडा-शिरपूरच्या काठावरून निघून दक्षिणेकडे यावं, धार डावीकडून मिळेल. डाव्या हाताच्या खेळाडूनं दक्षिणेकडून निघावं. सरावाची जागा निवडताना एवढं बघितलंत तरी पहिल्या दिवशीचा निम्मा घाबरटपणा जातो. नंतर अर्थातच उलट बाजूनंही शिकवा, कारण स्पर्धा काठ निवडू देत नाही.

धारेविरुद्ध जाताना काठालगत जा, तिथे पाणी मंद असतं. धारेबरोबर येताना मध्यावर या. वळणावर बाहेरच्या अंगाला धार जोरात असते आणि काठ खालून पोखरलेला असतो, तिकडे फिरकू नका. तापीचा काठ मातीचा, उंच आणि कडेला ढासळणारा आहे. व्हीलचेअर कुठपर्यंत नेता येते आणि शेवटचे दहा पावलं खेळाडूला कोण उचलून नेणार, हे आदल्या दिवशी ठरवा. कितीतरी सराव मी या दहा पावलांमुळे रद्द होताना पाहिलेत.

वाहतं पाणी कधीकधी उतरायच्या लायकीचंच नसतं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १ सप्टेंबरच्या ट्रायथलॉन शर्यती पावसानंतर सीन नदीचं पाणी बिघडल्यानं २ सप्टेंबरला ढकलल्या गेल्या. जगातली सर्वांत मोठी स्पर्धा थांबते, तर आपल्याला आपला सराव एक दिवस थांबवायला हरकत नाही. खुंटावर ओरखडा असेल, बसून बसून जखम झाली असेल, तर नदीत आणि धरणात उतरायचंच नाही. संवेदना नसलेल्या भागावरची जखम खेळाडूला दुखत नाही, म्हणून आरसा घेऊन ती रोज बघावी लागते.

तापलेलं आणि गार पाणी

स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असावं असा नियम आहे. मोकळ्या पाण्याच्या शर्यतीला १६ ते ३१ अंशांची मर्यादा आहे. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो, उघड्या टँकचं पाणी दुपारनंतर तिशी ओलांडतं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. एकाच टँकला एकाच वर्षात दोन टोकं.

गरम पाण्यात मूळ स्ट्रोक बदलायचं कारण नाही, काम कमी करायचं. पाणी गरम असलं की ते थोडं पातळ होतं, पण त्याचा वेळेवर परिणाम नगण्य असतो. खरा धोका शरीराच्या उष्णतेचा. पाठीच्या कण्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर इजेखाली घाम येत नाही. त्या खेळाडूचं अंग आतून तापत राहतं आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. त्याच्यासाठी फेऱ्या निम्म्या, मध्ये सावलीत ओला टॉवेल मानेवर आणि काखेत, आणि पाणी तहान लागण्याआधी. उतरण्याआधी लघवीची पिशवी किंवा मूत्राशय रिकामं करणं हा सरावाचाच भाग समजा. अशा इजेत भरलेल्या मूत्राशयानं किंवा घट्ट पट्ट्यानंसुद्धा रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं ठणकणं, इजेच्या वर घाम आणि लाली दिसली की लगेच बाहेर काढा, उठवून बसवा, घट्ट काही असेल ते सैल करा, मूत्राशय तपासा आणि डॉक्टरांना बोलवा.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कोणत्याही माहितीपत्रकात मी वाचली नाही. दुपारी टँकच्या काठावरचा सिमेंटचा कट्टा तव्यासारखा तापतो. पायांत संवेदना नसलेला खेळाडू त्यावर बसला तर भाजतं आणि त्याला कळत नाही. ओलं गोणपाट किंवा जाड चटई घातल्याशिवाय कुणालाही कट्ट्यावर बसवू नका.

गार पाण्याचं उलट. बोटं फाकतात, हाताला पाण्याची पकड कळेनाशी होते. मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांचे स्नायू गारव्यानं आणखी आखडतात. इथे स्ट्रोक नक्की बदलावा लागतो. हात आखूड करा, वेग किंचित वाढवा, पायांचा फटका बारीक ठेवा, कारण मोठ्या फटक्यानं पिंढरीत गोळा येतो. पहिल्या शंभर मीटरला मुठी वळून पोहा, मग बोटं उघडा, पकड पुन्हा जाणवू लागते. ब्रेस्टस्ट्रोकचा पाय आखडलेल्या मांड्यांना जमत नसेल त्या दिवशी तो सोडून द्या. आणि पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर अंग चांगलं गरम करा, ते पाण्यात करायला जाऊ नका.

गार पाण्यातून बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होत राहतं. आधी कोरडे कपडे, मग कोमट गोड चहा. संवेदना नसलेल्या पायांवर गरम पाण्याची पिशवी कधीच नको.

खान्देशातल्या खेळाडूला इथे एक देणगी आहे. जमिनीतलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, म्हणून विहीर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागते. जानेवारीच्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना ज्यानं पाहिलंय त्याला हे सांगायला नको. पायऱ्यांची, मजबूत कठड्याची, उतरायला रुंद जागा असलेली विहीर मिळाली तर हिवाळ्यातला तांत्रिक सराव तिथे उत्तम होतो. मध्य प्रदेशातल्या सत्येंद्रसिंह लोहिया यांचे दोन्ही पाय अधू आहेत. ते २०१८ मध्ये पॅरा जलतरणपटूंच्या रिले चमूतून इंग्लिश खाडी पार करून आले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतली कॅटालिनाची खाडी. तसल्या गार पाण्याची तयारी काही आठवड्यांत होत नाही, दर आठवड्याला थोडी मिनिटं वाढवत महिने जातात.

टँकमधली खळबळ

लोकांना वाटतं टँकचं पाणी म्हणजे शांत पाणी. आठ जण सुटले की बघा. जुन्या टँकना कडेला पाणी गिळणारी पन्हळ नसते, त्यामुळे लाट भिंतीवर आपटून परत येते. पहिल्या आणि शेवटच्या लेनमध्ये ती सगळ्यांत जास्त. उथळ टँकमध्ये तळावरूनही परतते. पॅरिसचा स्पर्धेचा तलाव नेहमीपेक्षा उथळ, सुमारे २.२ मीटरचा होता, आणि त्यावर तिथे चर्चाही झाली.

टर्ननंतर आपणच मागे आणलेली लाट आपल्या तोंडावर येते. ज्याचे पाय भिंत ढकलू शकतात त्यानं अर्धा मीटर खालून निघावं. ज्याचे ढकलू शकत नाहीत त्यानं खाली जायच्या फंदात न पडता अंग अरुंद ठेवून लगेच हात सुरू करावेत, आणि पहिले दोन हात श्वासाविना. कडेच्या लेनमध्ये श्वास शक्यतो भिंतीच्या उलट बाजूला.

एस ११ वर्गात काळे केलेले गॉगल घालावे लागतात आणि दोन्ही टोकांना टॅपर असावाच लागतो. टोकाला मऊ गोळा बांधलेल्या काठीनं तो खेळाडूला भिंत आल्याची खूण देतो. पाणी खळबळत असेल तर खेळाडू लेनच्या दोरीवर आपटतो, बोटं सोलतात. अनुभवी खेळाडू एकाच बाजूच्या दोरीजवळून जातात आणि दर काही हातांनी तिला हलका स्पर्श करतात, म्हणजे मधोमध भरकटणं टळतं. अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत एस ११ च्या २०० मीटर मेडलेचं सुवर्ण जिंकलं. मेडले म्हणजे चार स्ट्रोक, प्रत्येकात भिंतीपर्यंतच्या हातांचा आकडा वेगळा, आणि टॅपरची वेळही वेगळी. म्हणून टॅपर हा सरावाला रोज येणारा माणूस असावा, स्पर्धेच्या दिवशी धरून आणलेला पाहुणा नसावा.

समुद्राचं एवढंच सांगतो. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, अंग वर तरंगतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत दिव्यांगांसाठीही गट असतो, आमच्याकडची मुलं तिकडे जातात. पायांत ताकद नसलेल्याला समुद्रात कंबर आपोआप वर मिळते, तिथे डोकं नेहमीपेक्षा किंचित खाली ठेवलं तरच तो फायदा पदरात पडतो. पाय चालणाऱ्याचे फटके मात्र हवेत जातात, ते लहान करावे लागतात.

चौथी पायरी: आठवडा कसा लावायचा

सहा दिवसांतले चार दिवस मूळ स्ट्रोक. तो ढिला पडला तर गिअर कशाचे बदलणार? एक दिवस बदललेलं पाणी, धरण किंवा मुद्दाम खळबळवलेला टँक. खळबळ करायला सोपा उपाय म्हणजे दोन्ही बाजूच्या लेनमध्ये चार-चार मुलांना फटके मारायला लावायचं आणि मधून खेळाडूला न्यायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. उरलेल्या दिवशी वहीतले आकडे घेऊन खेळाडूबरोबर बसा आणि त्याला बोलू द्या. 'जड', 'पातळ', 'ओढणारं', 'तुटक' असे शब्द मुलं स्वतः तयार करतात. ते त्यांच्याच शब्दांत लिहा. दोन-तीन महिन्यांनी 'जड' लिहिलेल्या दिवसांपुढचे आकडे एकत्र बघितलेत तर प्रत्येक वेळी वारा किंवा गारवा सापडतो.

एक वर्षभर तरी वयानं लहान मुलांना मोकळ्या पाण्यात नेऊ नका. सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाल्यावर पाण्याकडे वळले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण त्यांनी आणलं. ते पन्नास मीटर टँकमधलेच होते.

पाचवी पायरी: परक्या टँकवरचा पहिला अर्धा तास

स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर गरम होण्याच्या वेळेत मुलं सरळ जोरात पोहायला लागतात. त्यांना थांबवा. पहिली पाच मिनिटं काठावर बसून पाणी बघा, लाट कुठून परतते, पन्हळ आहे का, भिंत निसरडी आहे का. मग दोन फेऱ्या मूळ स्ट्रोक आणि मोजणी. वहीतल्या मापापेक्षा एक-दोन हात इकडेतिकडे असतील तर काहीच बदलू नका. तीनपेक्षा जास्त असतील तर एकच गिअर निवडा, दोन फेऱ्या करून घड्याळ बघा आणि मग तोच धरून ठेवा. सुरुवातीचा कट्टा, पकडायची दांडी, भिंतीचा पोत हाताखालून घाला. बसून किंवा पाण्यातून सुरुवात करायची असेल तर पंचांना आधी सांगून ठेवा. अंध खेळाडू असेल तर टॅपरला दोन्ही टोकांना उभं करून किमान सहा वेळा काठी लावून बघा, कारण प्रत्येक टँकच्या कठड्याची उंची वेगळी आणि काठीचा कोन वेगळा. ती काठी आपल्याच पिशवीत, आणि एक जादा काठी मदतनिसाच्या पिशवीत. आमची एकदा रेल्वेत राहिली होती.